जे१ झालं का?

जुन्या बटणांच्या मोबाइलवर इंग्रजी ‘एस’ उमटवायचा तर ७ चं बटण चारदा दाबावं लागे. ‘वाय’साठी ९ चं तीनदा, ‘ओ’साठी ६ चं तीनदा, ‘यू’साठी ८ चं दोनदा. म्हणजे ‘तू’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तिन्ही अक्षरांनिशी लिहायचा तर अंगठ्याला आठ वेळा कष्ट, आणि नुसत्या शेवटच्या अक्षरावर भागवलं तर दोनच वेळा. २००० सालाच्या आसपास ज्यांच्या हातात पहिला फोन आला, त्या पोरांना हा हिशेब कुणी शिकवला नव्हता. तो अंगठ्यालाच कळला. पुढे अर्धवट शब्दावरून पुरा शब्द ओळखणारी सोय फोनमध्ये आली, पण तोवर लघुरूपं हाताला लागली होती आणि त्यांची मजाही कळली होती.

दुसरं कारण १६० या आकड्याचं. १९८५ च्या सुमारास जर्मनीतल्या बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या अभियंत्याने टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं आणि प्रश्न टाइप केले आणि त्यांतली अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपत होती. पोस्टकार्डं पाहिली, टेलेक्सचे संदेश पाहिले. माणसं एवढ्यात आपलं म्हणणं आटोपतात असं त्याला दिसलं आणि तीच मर्यादा ठरून गेली. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने तो संगणकावरून पाठवला होता आणि त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. त्या दोन शब्दांत एकही अक्षर गाळलेलं नव्हतं, हे मेसेजच्या भाषेवर चिडणाऱ्यांना सांगायला हवं.

मराठी माणसाला मात्र १६० कधी मिळालेच नाहीत. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, त्यामुळे तीच जागा ७० चिन्हांत संपते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘शुभेच्छा’ हा आपल्याला तीन अक्षरांचा वाटणारा शब्द फोनच्या लेखी आठ चिन्हांचा. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढंच म्हटलं की मधल्या जागांसकट २७ चिन्हं खर्ची पडली. नाव लिहायचं, ‘सहकुटुंब’ लिहायचं, की दुसऱ्या मेसेजचा आकार जवळ आलाच. शंभर रोमन अक्षरांच्या मेसेजमध्ये एखादंच देवनागरी अक्षर घुसवलं तरी सगळ्या मेसेजची मर्यादा ७० वर येई. सणावारी तर स्वस्त मेसेजचे पॅक चालतच नसत, पुरा दर पडे. आणि एवढं करून पलीकडच्या फोनला देवनागरी येत नसेल, तर त्याला शुभेच्छांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसायची. मराठी माणूस मोबाइलवर मराठी रोमन लिपीत लिहू लागला त्याच्या मुळाशी हे गणित आहे. त्यात भाषेविषयीची अनास्था शोधण्याची गरज नाही.

ओरड झाली ती मात्र सगळीकडे अनास्थेचीच. २००३ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांत एक बातमी गाजली. तेरा वर्षांच्या एका स्कॉटिश मुलीने उन्हाळी सुट्टीवरचा निबंध सबंध मेसेजच्या भाषेत लिहून दिला आणि तिच्या शिक्षिकेला तो वाचताच येईना. त्या निबंधाचे तुकडे जगभर फिरले. २००७ मध्ये जॉन हम्फ्रीज या नामांकित ब्रिटिश पत्रकाराने मेसेज लिहिणाऱ्यांची तुलना थेट चंगीझखानाच्या विध्वंसाशी केली. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या सरकारी परीक्षेच्या मुख्य परीक्षकाने विद्यार्थ्यांच्या लेखनावर मेसेजची सावली पडल्याची तक्रार अहवालात नोंदवली. न्यूझीलंडच्या परीक्षा मंडळाने त्याआधी, २००६ मध्ये, वेगळीच भूमिका घेतली होती: उत्तरातून विषय समजल्याचं स्पष्ट दिसत असेल तर लघुरूपं चालवून घेऊ, इंग्रजीसारख्या भाषेच्या पेपरात मात्र नाही. मला ही भूमिका शहाणपणाची वाटते. तिच्यावर अर्थातच टीका झाली.

या सगळ्याला डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाने २००८ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं. त्याचा पहिला मुद्दा असा की लोक समजतात तितकी लघुरूपं मेसेजमध्ये नसतातच; साधारण मेसेजमधले दहा टक्क्यांहून कमी शब्द तोडलेले असतात. त्याच वर्षी टोरांटोमध्ये साली टॅग्लियामॉन्टे आणि डेरेक डेनिस यांनी ७२ तरुणांची दहा लाखांहून अधिक शब्दांची गप्पांची नोंद तपासली, तर ज्यावरून एवढा गहजब चालला होता ती खास लघुरूपं आणि हसण्याच्या खुणा तीन टक्क्यांच्याही आत निघाल्या. क्रिस्टलचा दुसरा मुद्दा, की यात नवं काही नाही. ‘अरे देवा’ या अर्थाची ‘ओएमजी’ ही तीन अक्षरं ब्रिटिश नौदलाचे वयोवृद्ध अ‍ॅडमिरल जॉन फिशर यांनी १९१७ साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात सापडतात. कुणा शाळकरी पोरीने ती काढलेली नाहीत.

आपल्याकडे याचे दाखले शोधायला एवढं लांब जायला नको. आजोबांच्या ट्रंकेतलं एखादं पोस्टकार्ड काढावं. सुरुवात ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’, मधे कुणी ‘चि.’, कुणी ‘सौ.’, कुणी ‘कै.’, लहानांना ‘अ. उ. आ.’, शेवटी ‘क. लो. अ.’, आणि जागा उरलीच तर कडेला आडवं ‘ता. क.’. पत्त्यावर ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’. साष्टांग नमस्कार चार अक्षरांत उरकल्याबद्दल कोणत्या वडिलांनी मुलाला घराबाहेर काढल्याचं ऐकिवात नाही. तार तर शब्दावर पैसे मोजून जायची. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ या मजकुरात व्याकरण औषधालाही नव्हतं, पण तार वाचून कुणी व्याकरणाला रडलं नाही. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली तेव्हा तर सगळ्यांनी हळहळून लेख लिहिले. मोठ्यांनी केलेलं लघुरूप रीत ठरतं आणि पोरांनी केलेलं बिघाड ठरतं, एवढाच काय तो फरक.

पण रीत होती म्हणून साक्षरतेला धक्का बसत नाही, हे सिद्ध होत नाही. ते तपासावं लागतं, आणि ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी मनापासून तपासलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १० ते १२ वर्षांची ८८ मुलं होती. मुलांना रोजच्या आयुष्यातले प्रसंग सांगितले आणि अशा वेळी तुम्ही काय मेसेज कराल ते लिहा म्हटलं. मग प्रत्येकाच्या मेसेजमध्ये एकूण शब्दांशी लघुरूपांचं प्रमाण किती हे मोजलं आणि ते त्याच्या वाचनक्षमतेशी ताडून पाहिलं. भीतीप्रमाणे पाहिलं तर ज्याची लघुरूपं जास्त त्याचं वाचन कच्चं निघायला हवं होतं. निघालं उलटं. लघुरूपं जास्त वापरणारी मुलं शब्दवाचनात सरस होती. वय, शब्दसंग्रह, स्मरणशक्ती, फोन किती वर्षं वापरतात, हे सगळं हिशेबात धरूनही.

हे असं का व्हावं, हे आमच्या घरच्या एका मेसेजवरून सांगता येईल. एका दुपारी भाच्याने घरच्या ग्रुपवर विचारलं, ‘जे१ झालं का?’ म्हणजे इंग्रजी ‘जे’ हे अक्षर आणि त्याला चिकटून १ चा आकडा, बाकीचं रोमन मराठीत. त्यावर त्याच्या आजीचं उत्तर आलं, ‘कुठे निघालास रे? तिकीट कन्फर्म झालं का?’ तिला तो रेल्वेच्या डब्याचा नंबर वाटला होता. ‘अगं आजी, जेवण! जे-वन!’ असा खुलासा आला तेव्हा ग्रुपवर हसण्याच्या चेहऱ्यांचा पाऊस पडला.

आता या दोन चिन्हांत काय काय चाललंय ते पाहा. ‘जेवण’ हा शब्द आधी कानाने तोडावा लागतो: जे आणि वण. पहिल्या तुकड्याचा उच्चार एका इंग्रजी अक्षराच्या नावाशी जुळतो, हे सुचावं लागतं. दुसऱ्याचा उच्चार एका आकड्याच्या इंग्रजी नावाशी जवळपास जुळतो, आणि ‘ण’चा ‘न’ होतो त्याकडे सोयीने काणाडोळा करावा लागतो. म्हणजे मराठी शब्द, इंग्रजी मुळाक्षरं आणि इंग्रजी आकडा असा तिपेडी खेळ. तो ज्याला सुचतो किंवा पाहताक्षणी उलगडतो, त्याचा कान तयार आहे. शब्द म्हणजे तोडता-जोडता येणारे ध्वनी, ही जाणीव वाचायला शिकण्याचा पाया असते असं वाचनाचा अभ्यास करणारे कधीपासून सांगत आहेत. इंग्रजीसारख्या, लिहायचं एक आणि बोलायचं भलतंच अशा भाषेत तर मुलं ‘नाइट’ किंवा ‘स्कूल’ उच्चाराबरहुकूम लिहितात, तेव्हा कोणत्या ध्वनीला कोणतं अक्षर याची उजळणीच करत असतात. आणि मजेखातर, कुणी न सांगता करतात. शाळेच्या गृहपाठाला हे भाग्य नाही.

या अभ्यासावर एक आक्षेप आपोआप येतो. मुळात हुशार असलेली मुलंच लघुरूपं जास्त करत असतील तर? म्हणून वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रयोग केला. ९-१० वर्षांची, स्वतःचा फोन नसलेली ११४ मुलं घेतली. निम्म्यांना दहा आठवडे शनिवार-रविवारी आणि सत्राच्या मध्यावर येणाऱ्या सुट्टीत मेसेजसाठी फोन दिले, निम्म्यांना दिले नाहीत. शेवटी दोन्ही गटांच्या वाचन-लेखनातल्या प्रगतीत लक्षणीय फरक दिसला नाही. फोनवाल्या गटात ज्यांनी लघुरूपं अधिक वापरली त्यांचं शुद्धलेखन थोडं अधिक सुधारलं होतं. दहा आठवड्यांच्या प्रयोगावर फार मोठी इमारत उभी करू नये, पण फोन हातात पडला की स्पेलिंग बुडालं, ही भीती त्यातून तरी खरी ठरली नाही.

विरुद्ध बाजूचाही पुरावा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये ड्र्यू सिंगेल आणि श्याम सुंदर यांनी २०१२ मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांची व्याकरणाची चाचणी घेतली, तर मेसेजमध्ये शब्द बदलून लिहिण्याची सवय जास्त असणाऱ्यांचे गुण कमी आले. व्याकरण कच्चं म्हणून मेसेज तसे, की मेसेज तसे म्हणून व्याकरण कच्चं, हे अशा एका वेळच्या पाहणीतून सांगता येत नाही. तरी निकाल दखल घेण्याजोगा आहे. टास्मानियात नेना केम्प यांना दिसलं की लघुरूपांतला मेसेज लिहायला वेळ कमी लागतो, पण तोच मोठ्याने वाचायला जास्त. लिहिणाऱ्याची बचत वाचणाऱ्याच्या खिशातून जाते. आजीची रेल्वे तिथूनच सुटली होती.

मेसेजला स्वतःचे नियम असतात, हे तर प्रौढांच्या लवकर लक्षातच येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. आमंत्रणाला एका शब्दाचं होकारार्थी उत्तर; कधी त्यापुढे पूर्णविराम, कधी नाही. मेसेजमधलं पूर्णविरामाचं उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असेल तर पूर्णविरामाने काहीच फरक पडला नाही. म्हणजे चिठ्ठी कुठली आणि मेसेज कुठला, कुठे काय शोभतं, हे ही मुलं जाणून होती. आपल्या घरांतही हे चालतं. आईने ‘बरं’ म्हणून पूर्णविराम दिला की लेकीचा लगेच फोन येतो, ‘आई, चिडलीस का?’

इथवर सगळं इंग्रजीचं झालं. आणि इथेच मराठी वाचकाने सावध व्हायला हवं, कारण हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून आपल्या मुलांना लावता येत नाहीत. कॉव्हेंट्रीतलं मूल मेसेजमध्ये जी अक्षरं वाकवतं, तीच अक्षरं त्याला सोमवारी शाळेच्या वहीत लिहायची असतात. खेळ आणि अभ्यास एकाच लिपीत. कोल्हापुरातलं किंवा परभणीतलं मूल वहीत देवनागरी लिहितं आणि फोनवर मराठी रोमनमध्ये. फोनवरच्या खेळाने त्याच्या कानाला व्यायाम होतो, देवनागरी गिरवणाऱ्या हाताला होत नाही.

शिवाय रोमनमध्ये आपली निम्मी मुळाक्षरं विरघळून जातात. ट आणि त एक, ड आणि द एक, ण-न एक, ळ-ल एक. ‘के-ए-एल’ ही तीन अक्षरं पाहून काल म्हणायचं, काळ म्हणायचं, की पोटातली कळ म्हणायची, हे मागच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखायचं. स्वर गाळले की ‘मला’ची ‘एमएलए’ होते आणि साध्या चहाच्या निरोपात आमदार येऊन बसतो. अरबी बोलणाऱ्या तरुणांपुढेही हीच अडचण होती. त्यांनी युक्ती काढली: रोमनमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी आकडे घेतले. ‘ऐन’ या अक्षराचा आकार उलट्या इंग्रजी ३ सारखा, म्हणून ३. घशातल्या एका ‘ह’साठी ७. इंटरनेटच्या सुरुवातीला मराठी मंडळींनीही असा प्रयत्न केला होता. आयट्रान्स पद्धतीत मोठा ‘एन’ म्हणजे ण आणि मोठा ‘एल’ म्हणजे ळ. परदेशातल्या अभियंत्यांनी तो नेटाने पाळला. पोरांनी तो उचलला नाही, कारण मेसेजमध्ये मोठं अक्षर म्हणजे ओरडणं. ग्रीसमध्ये रोमनमधल्या ग्रीकवरून जानेवारी २००१ मध्ये अथेन्सच्या अकादमीच्या ४० सदस्यांनी जाहीर निषेध केला. निषेधाने अंगठे थांबत नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट आणखी निराळी. मराठी शुद्धलेखनातली बहुतेक रडारड इकार-उकाराची. शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘कवी’. समासात मात्र ‘कविसंमेलन’. आणि ‘आणि’ला या नियमातून सूट. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये सरकारने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि तेव्हापासून शिक्षकांची लाल शाई प्रामुख्याने इथेच खर्च होते. रोमनमध्ये दोन्ही इकारांना एकच ‘आय’. चूक व्हायला वावच नाही, म्हणून शिकायलाही नाही. आता फोनवर देवनागरी सहज येते, रोमनमध्ये टाइप केलं की कीबोर्ड ‘आणि’ अचूक लिहून समोर ठेवतो. लिहिणाऱ्याने फक्त बोट ठेवायचं. शब्द ओळखणं शाबूत राहतं, तो स्वतः घडवणं कीबोर्डकडे जातं.

चीनमध्ये हे आधीच घडून गेलं आहे. तिथे फोनवर आणि संगणकावर उच्चार रोमनमध्ये टाइप करतात आणि समोर आलेल्या चित्राक्षरांतून हवं ते निवडतात. लेखणी उचलली की अक्षर आठवत नाही, अशी तक्रार तिथे इतकी सार्वत्रिक झाली की तिला रूढ वाक्प्रचारच तयार आहे. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवर मुलांची श्रुतलेखन स्पर्धा गाजली. त्यात समोर बसलेल्या मोठ्या माणसांनाही शब्द लिहायला सांगत, आणि ‘भेक’ या प्राण्याचं रोजच्या वापरातलं नाव बहुतेकांना लिहिता आलं नाही. देवनागरी ही चिनीइतकी पाठांतरावर उभी लिपी नाही, ऐकलं ते लिहिता येतं, त्यामुळे आपलं तेवढं नुकसान होणार नाही असं मला वाटतं. पण जोडाक्षरं आणि इकार-उकार इथे आपली गत त्यांच्यासारखी होऊ शकते.

तरीही लघुरूपांवर आणि कीबोर्डवर एवढं बोलताना एक मोठी गोष्ट बाजूला राहते. ही सगळी चर्चा लिहिणाऱ्या मुलांची आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३ च्या अहवालासाठी देशातल्या २८ जिल्ह्यांत खेड्यांतल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. त्याच मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नव्हता. यांना मेसेजच्या भाषेने बिघडवलं म्हणणं म्हणजे पाणी न पाहिलेल्याला पोहताना बुडाला म्हणणं. पूर्वी फोनवर राहायचं तर थोडंफार लिहा-वाचायला लागायचं. आता तेही लागत नाही. बोलून पाठवायचा निरोप आहे, चेहरे आहेत, व्हिडिओ आहेत. एक अक्षर न वाचता दिवस निघतो.

माइकचं बटण दाबून मराठीत बोललं की फोन तेच देवनागरीत उमटवतो, आणि ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळदा माझ्यापेक्षा बरे लिहितो. पूर्णविराम मात्र तो अनेकदा विसरतो, आणि काल म्हटलं तर कधी काळ ऐकतो. पाठवण्याआधी एकदा वाचून बघितलं की चूक सापडते. ‘असर’च्या त्या चौथ्या हिश्श्यातल्या मुलांना नेमकं हेच जमत नाही.